शिंदळमाकुडी : नावांचा प्रवास आणि एक कडा

निकोल डॅलझेल हे मुंबई इलाख्यातील वनाधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे तीन-चार वर्षांतच जुन्नरच्या परिसरातील एका मांसल, लोंबत्या वनस्पतीचे त्यांनी वर्णन केले आणि तिच्यासाठी नवी प्रजातीच कल्पिली : फ्रेरिया इंडिका. प्रजातीचे नाव तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे, जातीचे नाव देशाचे. पुढे अभ्यासकांनी ही स्वतंत्र प्रजाती मोडीत काढून वनस्पती ‘कारालुमा’त नेली. तेथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसरीने घेतलेले होते. तेव्हा देश गळाला आणि गव्हर्नर राहिले : कारालुमा फ्रेरी. आता ती ‘बूसेरोशिया’त गणली जाते, फ्रिअरसाहेब अजून सोबत आहेतच!

या साऱ्या नोंदींत स्थानिक नाव मात्र तळटीपेपुरते उरले. ‘शिंदळ’ म्हणजे स्वैरिणी. शब्द शिवीच्या वाटेने येतो खरा, पण संतवाणीलाही तो वर्ज्य नव्हता. ‘माकुडी’ ही तर रानभाजीच्या परिचयातली. ज्याने हे नाव ठेवले त्याने ही वनस्पती हाताळली होती, बहुधा खाल्लीही होती, एवढे आम्हांस निश्चित वाटते.

रुईच्या कुळातील ही वनस्पती केवळ महाराष्ट्रातच आढळते : शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणी, तीही उभ्या कड्यांच्या कपारींत. पावसाळ्यात तिला पाने येतात (तिच्या निवडुंगसदृश भावंडांत ही अपूर्वाई), उन्हाळ्यात ती झडतात. तांबडे-जांभळे, पिवळ्या ठिपक्यांचे, चांदणीसारखे फूल माश्यांना बोलावते. शेळ्यांचे तोंड पोचत नाही तेथेच ती तगून राहिली. जगातील अतिदुर्मिळ वनस्पतींच्या याद्यांत तिची गणना झाली ती या तोकड्या वस्तीमुळेच.

विरोधाभास असा की फांदी खोचली तरी ती रुजते. युरोपातील हौशी मंडळींच्या कुंड्यांत ती सुखाने फुलते. ऊतीसंवर्धनानेही तिची रोपे करता येतात. मग चिंता कसली? फांदीपासून झालेले प्रत्येक रोप म्हणजे त्याच एका झाडाची प्रत. बीजातून येणारे वैविध्य त्यात नाही, आणि कुंडीला कड्यावरच्या माश्या, ऊन, वारा ठाऊक नाहीत. रोपे पुन्हा कड्यावर लावावयाची तर पुरंदरची पुरंदरला, शिवनेरीची शिवनेरीला, असा विवेक हवा. पाठभेद न पाहता एकाच पोथीच्या प्रती काढीत सुटणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणतो? आणि रोपे लावल्यावर त्या कपारीकडे शेळ्यांची व गडप्रेमी पर्यटकांची वाट वळणार नाही, हे पाहणारे कोणीतरी गडाखालच्या गावातच असावे लागते.