औषध नसलेली इस्पितळे

1897 च्या पुण्यात प्लेगवर औषधच नव्हते. पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये दाखवला, आणि हाफकिनची नवी लस लागण झालेल्याला बरे करत नव्हती. मग इस्पितळ देणार काय? शुश्रूषा, पाणी, अंथरूण आणि घरच्यांपासून वेगळी जागा. एवढ्या तुटपुंज्या साधनांत रोगी आपणहून दाखल होणे हीच खरी मिळकत होती, आणि माझ्या मते ब्रिटिश अधिकारी रँडच्या प्लेग समितीने नेमकी तीच घालवली. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, तसे लोक आजारी माणसे लपवू लागले. उलट, हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात रोग्यांना आपुलकीने आणले जाई. असाच एक मुलगा मुंढव्याहून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. टिळकांच्या पुढाकाराने वर्गणीतून हिंदू प्लेग इस्पितळही निघाले.

सक्तीमुळेच मे महिन्यात साथ ओसरली, असे कोणी म्हणेल. पण त्याच वर्षी ती पुन्हा उसळली, तेव्हा निव्वळ झडतीला श्रेय देणे कठीण आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: धर्मवार इस्पितळे म्हणजे विश्वासाच्या नावाखाली भेदच की! ते खरेच, पण सरकारी खाटेला भिणारा रोगी निदान तिथे जाण्याची शक्यता तरी होती.