खोंड, पान्हा आणि माज: धाराशिवच्या गोठ्यातील ग्रंथिज्ञान

बालाघाटाच्या पठारावर पसरलेला धाराशिव जिल्हा हा पावसाच्या भरवशावर जगत आलेला मुलूख आहे. ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या कोरडवाहू शेतीला येथे बैल लागत, दुधाला आणि खव्याला म्हैस लागे आणि पीक बुडालेल्या वर्षी घर सावरायला दारातली शेळीच विकावी लागे. त्यामुळे जनावराचे वय, माज, वेत आणि स्वभाव यांचे बारीक निरीक्षण हा येथील शेतकऱ्याच्या जगण्याचाच भाग झाला. खोंड बडवून त्याचा बैल करणे, जनावराला पान्हा फोडून दूध काढणे आणि शेळीचा माज ओळखून तिला बोकड दाखवणे या तीन क्रिया या निरीक्षणावरच उभ्या होत्या. त्या ज्या द्रव्यांवर चालतात त्यांना आज संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात. परंतु विसाव्या शतकापूर्वी या द्रव्यांना कोणत्याही भाषेत नाव नव्हते. गोठ्यातील ज्ञान आणि प्रयोगशाळेतील ज्ञान कोठवर बरोबर चालले आणि कोठे वेगळे झाले, हे या तीन क्रियांच्या इतिहासात पाहता येते.

ग्रंथी म्हणजे विशिष्ट द्रव्य तयार करून ते स्रवणारा अवयव. लाळग्रंथी किंवा घर्मग्रंथी यांचा स्राव नळीवाटे ठरावीक जागी पोचतो. परंतु मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, गळ्यातील अवटू, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, तसेच वृषण व अंडाशय यांची द्रव्ये नळीवाचून थेट रक्तात मिसळतात, म्हणून त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. रक्तात मिसळलेले संप्रेरक शरीरभर फिरते, मात्र ज्या पेशींवर त्याला ओळखणारे ग्राही रेणू असतात त्यांच्यावरच त्याचा परिणाम होतो. याचमुळे पोटाखालच्या एका ग्रंथीच्या असण्या-नसण्याने मान, आवाज आणि स्वभाव इतक्या दूरच्या गोष्टी बदलतात. माणूस, बैल आणि शेळी यांच्यात ही मूळ रचना सारखीच असल्यामुळे गोठ्यात दिसणारे पुष्कळसे माणसालाही लागू पडते.

यांतील सर्वांत जुनी क्रिया खच्चीकरणाची. ऋग्वेदात खच्ची केलेल्यासाठी वध्रि हा शब्द येतो, त्यावरून या प्रथेचे वय ध्यानात यावे. धाराशिवच्या परिसरात देवणी, लाल कंधारी आणि सोलापूरच्या बाजूने येणारी खिलार अशा जातींचे बैल नांगराला व गाडीला जुंपले जात. देवणी जातीला नाव देणारा उदगीरकडचा भाग तर १९५६ पासून १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात मोडत होता. खोंडाला दोरांनी आडवे पाडून, वृषणांच्या वरची शीर दोन काठ्यांच्या मध्ये धरून ती ठेचली जाई, म्हणून या क्रियेला बडवणे हे नाव पडले. कातडी फाटत नसे. आतल्या रक्तवाहिन्या चिरडल्यामुळे वृषणांचा रक्तपुरवठा तुटे आणि काही आठवड्यांत ते सुकून जात. विसाव्या शतकात पशुवैद्यकीय दवाखान्यांतून आलेला बर्डिझोचा चिमटा हेच काम करतो. जनावराच्या वेदना आणि धोका त्याने पुष्कळ कमी केला, तत्त्व मात्र जुनेच ठेवले.

या क्रियेतील खरे कसब वेळ साधण्यात होते. फार लहानपणी बडवलेला गोऱ्हा उंच व लांब पायांचा होतो, पण त्याची मान बारीक राहते आणि वशिंड भरत नाही. उलट फार उशीर केला तर मारकेपणा अंगी मुरतो आणि तो जुवाखाली नीट चालत नाही. म्हणून दुधाचे दात पडून पक्के दात येण्याच्या क्रमावरून वय जोखले जाई आणि खांदा भरू लागल्यावरच खोंड बडवला जाई. वृषणांतील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतात. ते मानेच्या व वशिंडाच्या स्नायूंना भर देते, मेंदूवर परिणाम करून आक्रमकता वाढवते आणि वयात आल्यावर, अंशतः इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होऊन, लांब हाडांची वाढ थांबवते. खांदा भरेपर्यंत थांबून मग बडवणे म्हणजे या संप्रेरकाकडून हवे तेवढे काम करून घेऊन नंतर त्याचा झरा बंद करणे होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि लोण्या-तुपाने ज्या खांद्याची मळणी होते, तो खांदा या अर्थाने ग्रंथीचीही कमाई असतो.

गावाच्या शिवारात तुलनेचे साधनही हजर होते. बडवलेले बैल आणि पैदाशीसाठी राखलेला किंवा देवाच्या नावाने सोडलेला वळू एकाच कुरणात चरत. एकाच गाईच्या पोटच्या दोन खोंडांत डरकाळी, मान आणि वृत्ती यांचा केवढा फरक पडतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. तरीही वृषण हे सगळे कशाच्या द्वारे घडवून आणते, हा प्रश्न या तुलनेतून सुटण्यासारखा नव्हता, कारण काढून टाकणे ही परीक्षेची अर्धीच बाजू असते. काढलेला अवयव परत बसवला तर गेलेले गुण परत येतात का, हे पाहण्याचे कारण शेतकऱ्याला कधी पडले नाही. त्याला बैल हवा होता आणि तो त्याला मिळाला होता.

ही उरलेली अर्धी परीक्षा १८४९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांवर केली. नुसते खच्ची केलेले नर कोंबडे मऊ स्वभावाचे झाले, त्यांचा तुरा खुरटला आणि आरवणे बदलले. परंतु ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोवले त्यांचा तुरा, आरव आणि भांडखोरपणा टिकून राहिला. रोवलेल्या वृषणात नव्या रक्तवाहिन्या शिरलेल्या होत्या, पण जुन्या मज्जातंतूंशी त्याचा संबंध उरला नव्हता. तेव्हा परिणाम रक्तावाटेच होत असला पाहिजे, असा निष्कर्ष बेर्टहोल्ड यांनी काढला. तो जवळपास अर्धे शतक दुर्लक्षित राहिला. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी आतड्यातून रक्तात जाऊन स्वादुपिंडाला चेतवणारे सिक्रेटिन दाखवले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी चेतवणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हॉर्मोन हा शब्द वापरात आणला; मराठीतील संप्रेरक या शब्दातही तीच प्रेरणा आहे. पुढे १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले, तेव्हा किती सूक्ष्म द्रव्यावर वळूचा सारा रुबाब उभा असतो ते कळले.

एवढे थोडे द्रव्य पुरते आणि सहसा वाजवीपेक्षा वाढत नाही, याचे कारण प्रत्याभरण नावाच्या व्यवस्थेत आहे. मेंदूतील अधश्चेतक हा भाग पीयूषिकेला संकेत देतो, पीयूषिका आपल्या संप्रेरकाने वृषणाला कामाला लावते आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की तेच वर जाऊन अधश्चेतकाला व पीयूषिकेला आवरते. बडवलेल्या बैलात हा आवर नाहीसा होतो, त्यामुळे पीयूषिका अधिकच जोराने संकेत पाठवत राहते, पण ते ऐकणारी ग्रंथीच उरलेली नसते. माणसाच्या अवटू ग्रंथीतही हाच प्रकार आढळतो. ती मंदावली की तिला चेतवणारे पीयूषिकेचे संप्रेरक रक्तात वाढते, आणि म्हणूनच थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच हा आकडा आधी पाहिला जातो.

काढण्याकडून परत देण्याकडे वळलेल्या या विद्येचा पहिला मोठा लाभ माणसाला जनावरांमुळेच मिळाला. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी अवटू ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटूचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९२१-२२ मध्ये टोरंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या कामातून स्वादुपिंडातील इन्सुलिन हाती आले आणि मधुमेहाच्या रुग्णांना पुढची सहा दशके मुख्यतः गाई-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन दिले गेले. बैलाचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून केवळ तीन अमिनो आम्लांनी वेगळे असते, म्हणूनच ते माणसाच्या पेशींना ओळखू येई. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले, तेव्हा हे अवलंबित्व हळूहळू संपू लागले.

दुसरी क्रिया पान्ह्याची. मराठीत गाईम्हशीला पान्हा फुटतो आणि आईलाही पान्हा फुटतो. भाषेने एकत्र ठेवलेल्या या दोन गोष्टी शरीरातही एकच आहेत. वासराने किंवा बाळाने स्तनाग्र ओढले की तेथील संवेदना मेंदूत जाते, पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात येते आणि ते दूधग्रंथींभोवतालच्या सूक्ष्म स्नायूपेशी आकुंचित करून साठलेले दूध सडांकडे लोटते. हे संप्रेरक काही मिनिटांतच विरून जात असल्यामुळे धार एका बैठकीत, न थांबता काढावी लागते. नवखा माणूस, कुत्र्याचे भुंकणे किंवा मार यांनी बिथरलेली म्हैस दूध चोरते असे म्हणतात. तिच्या रक्तात उसळलेले अ‍ॅड्रेनलिन ऑक्सिटोसिनचे काम अडवते, त्यात तिची लबाडी काही नसते. वासरू आधी लुचू देणे, ते मेले असल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवणे, धारेच्या वेळी आंबोण पुढ्यात ठेवणे हे सारे जुने उपाय मेंदूमार्फत याच संप्रेरकाला हाक मारतात.

या हाकेचे एक क्रूर रूपही होते. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतील गोठ्यांत जनावराच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकून दूध उतरवण्याची फुका नावाची रीत होती. तेथील ताणामुळे ऑक्सिटोसिन सुटते, हे तेव्हा कोणाला माहीत नसले तरी परिणाम माहीत होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९० च्या प्राणिक्रौर्यविरोधी कायद्यात फुक्याला शिक्षा सांगितली होती, पण धाराशिव त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो येथे लागू नव्हता. स्वतंत्र भारताच्या १९६० च्या कायद्याने फुका देशभर दंडनीय ठरवला आणि १९८२ च्या दुरुस्तीने दूध वाढवण्यासाठी टोचलेल्या घातक द्रव्यांनाही त्याच कलमात आणले. या दुरुस्तीमागे काळाचा बदल होता. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले होते, प्रसूतीतील रक्तस्राव थांबवणारे ते मोलाचे औषध ठरले होते आणि तीच कुपी गोठ्यातही शिरली होती. भूम तालुक्यासारख्या खव्याच्या भट्ट्यांच्या मुलखात, जेथे दुधाच्या प्रत्येक लिटराचा हिशेब होतो, तेथे या कुपीचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु ऑक्सिटोसिन दूध निर्माण करत नाही, तयार झालेले फक्त बाहेर ढकलते, आणि रोजच्या सुईची सवय लागलेले जनावर तिच्यावाचून पान्हा सोडेनासे होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याचे खासगी उत्पादन बंद करण्याचा आदेश काढला. प्रसूतीसाठी औषध तुटेल या कारणास्तव दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला.

तिसरी क्रिया ज्या जनावराशी निगडित आहे, त्याने या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे आधीचे नाव देशभर नेले. बहुधा काळी, मध्यम बांध्याची आणि जुळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी शेळी थोड्या चाऱ्यावर टिकते आणि चौदा महिन्यांत दोन वेते देऊ शकते, अशी तिची ख्याती आहे. या ख्यातीमागे अक्षांशाचाही हात आहे. थंड प्रदेशातील शेळ्या दिवस लहान होऊ लागल्यावरच माजावर येतात, कारण अंधारात पिनिअल ग्रंथीतून स्रवणारे मेलाटोनिन त्यांच्या मेंदूला ऋतू सांगते. धाराशिव १८ अंश उत्तरेला असल्याने येथे सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत साधारण दोन तासांचाच फरक पडतो, त्यामुळे चारापाणी असेल तर शेळी वर्षभर माजावर येऊ शकते. जुळ्यांचे कारण पीयूषिकेच्या एफएसएच या संप्रेरकाच्या प्रभावाखाली एका वेळी एकाहून अधिक बीजे पक्व होण्यात आहे.

माजावर आलेली शेळी सारखी ओरडते, शेपटी हलवते, चारा कमी खाते आणि सोट टाकते. पक्व होणाऱ्या बीजपुटकातून वाढलेल्या इस्ट्रोजेनची ही बाहेरून दिसणारी खूण असते. बीज सुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि त्याचे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला गर्भासाठी सज्ज ठेवते. गर्भ राहिला नाही तर गर्भाशयातून आलेले प्रोस्टाग्लँडिन पीतपिंडाला मोडते, प्रोजेस्टेरॉन घसरते आणि साधारण २१ व्या दिवशी माज परततो. गर्भ राहिला तर पीतपिंड सुमारे १५० दिवस, थेट विण्यापर्यंत टिकतो. स्त्रीच्या शरीरात मात्र काही आठवड्यांनी वार हे काम स्वतःकडे घेते, आणि वारेच्या पेशींतून लवकर स्रवू लागणारे एचसीजी हे संप्रेरक लघवीत सापडणे हाच घरगुती गर्भचाचणीचा आधार असतो.

आज नांगरट व मळणी ट्रॅक्टर आणि यंत्रांकडे गेल्याने खोंड बडवण्याची गरज ओसरत चालली आहे आणि पान्हा काही ठिकाणी कुपीत उतरला आहे. शेळीच्या माजाचा हिशेब मात्र अजून जुन्याच रीतीने चालतो. बोकड दाखवल्याचा दिवस ध्यानात ठेवून पाळणारा तीन आठवडे वाट पाहतो, आणि शेळी पुन्हा ओरडली नाही की ती गाभ गेली असे बहुधा धरून चालतो. आजाराने किंवा उपासमारीने माज लांबला तर हा हिशेब चुकतो. एरवी प्रयोगशाळेत त्या दिवशी रक्त तपासले असते तर प्रोजेस्टेरॉन टिकून असल्याचे जे उत्तर मिळाले असते, तेच त्याला शेळीच्या मुकाट रवंथ करण्यातून मिळालेले असते.