फीबस कार्टेल

फीबस कार्टेल हा विजेचे दिवे बनवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा (स्वित्झर्लंड) येथे स्थापन केलेला व्यापारी संघ होता. घरगुती बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणल्यामुळे तो नियोजित कालबाह्यतेचे, म्हणजे वस्तू ठरावीक काळात निकामी व्हावी अशा धोरणाचे, ठळक उदाहरण मानला जातो.

== सदस्य व उद्दिष्टे ==
जर्मनीची ओसराम, नेदरलँड्सची फिलिप्स, हंगेरीची तुंग्सराम, ब्रिटनची असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज इत्यादी कंपन्या संघात होत्या. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आपल्या परदेशी उपकंपन्यांमार्फत सहभागी होती. सदस्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या व विक्रीचे प्रमाण ठरवले.

== आयुर्मानाची मर्यादा ==
त्यापूर्वी अनेक बल्ब १,५०० ते २,००० तास टिकत. संघाने १,००० तासांचे प्रमाण ठरवले. प्रत्येक कारखान्याचे नमुने स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत तपासले जात आणि बल्ब ठरावापेक्षा अधिक टिकल्यास उत्पादकाला दंड होई. सरासरी आयुष्य १९२६ मधील १,८०० तासांवरून १९३३-३४ पर्यंत १,२०५ तासांवर आले.

== मतभेद ==
या मर्यादेला तांत्रिक बाजूही आहे. टंगस्टनची तार जितकी अधिक तापते, तितका त्याच विजेत प्रकाश अधिक मिळतो. परंतु तार लवकर झिजते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब दीर्घायुषी असला, तरी त्याचा प्रकाश अत्यंत मंद आहे. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात १,००० तास ही प्रकाश, वीजखर्च आणि टिकाऊपणा यांतील वाजवी तडजोड असू शकते, असे मत नोंदवले. तथापि तडजोड ग्राहकहिताची असेल, तर ती निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला असायला हवे होते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. अधिक टिकणाऱ्या मालावर दंड आकारल्याने ही निवडच बाजारातून नाहीशी झाली.

== शेवट व वारसा ==
स्कँडिनेव्हियातील सहकारी संस्थांनी १९३० च्या दशकात 'लुमा' हे स्वस्त बल्ब बाजारात आणून संघाला आव्हान दिले. करार १९५५ पर्यंत चालणार होता. मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे तो १९३९ मध्ये संपुष्टात आला. तरीही १,००० तासांचे प्रमाण पुढे अनेक दशके टिकून राहिले.

== हेही पहा ==
* मक्तेदारी
* ग्राहक संरक्षण
* ई-कचरा