पान्हा फक्त आईलाच फुटतो?

परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर वाद पेटला. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला बाळ झालं. त्याने ऑफिसात पंधरा दिवसांची सुट्टी मागितली, मिळाली नाही. यावर एका काकांनी फॉरवर्ड टाकला: ममतेचं हार्मोन ऑक्सिटोसिन देवाने बाईलाच दिलंय, पुरुषाने घरी बसून करायचं काय? खाली धडाधड अंगठे.

मी पत्रकार, डॉक्टर नव्हे. पण या ऑक्सिटोसिनशी माझी ओळख काकांच्या फॉरवर्डपेक्षा जुनी आहे.

माझं लहानपण भाईंदर पूर्वेचं. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, त्यानंतरही बरीच वर्षं घराबाहेर पडलं की मिठागरं दिसायची. किटली घेऊन मी तबेल्यावर दूध आणायला जायचो. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, हे तिथेच कळलं. मग भय्या लहानशा बाटलीतून औषध ओढायचा आणि म्हशीला सुई टोचायचा. दोन-तीन मिनिटांत धार सुरू! रेडकू नर असेल तर ते फार दिवस दिसायचंच नाही. पारडी पुढे दूध देणार, रेडा काय देणार? त्याच्या तोंडचं दूध गिऱ्हाइकाला गेलेलं परवडायचं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आज वाटतं.

सुईच्या आधी फुंका होता. म्हणजे जनावराच्या योनीत नळीने हवा फुंकायची, की ते दूध सोडतं. कलकत्त्याच्या गवळ्यांचा हा प्रकार वाचून गांधीजी हादरले होते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं, त्यामागे हेही एक कारण. पुढे मोठ्या आजारपणानंतर मुंबईत डॉक्टर दूध घ्या म्हणून मागे लागले, तेव्हा वाट काढली ती कस्तुरबांनी. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं घ्या! १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कलम १२ मध्ये फुंका आणि जनावराला अपाय करणारं दुधाचं इंजेक्शन, दोन्ही गुन्हा ठरवले.

गंमत बघा, फुंका आणि सुई यांच्यामागे रसायन एकच. जननमार्गावर ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटतं. बाळंतपणातही हेच होतं. १९०६ मध्ये इंग्लंडच्या हेन्री डेल यांना दिसलं की या ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकसतं. १९५३ मध्ये अमेरिकेच्या व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. त्यानंतर ते बाटलीत आलं, दवाखान्यात आणि तबेल्यात.

दवाखान्यात ते जीव वाचवतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर बाई काही तासांत जाऊ शकते. तो टाळायला जागतिक आरोग्य संघटना १० युनिट ऑक्सिटोसिन सांगते. आपल्याकडे मात्र एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने तबेल्यातल्या गैरवापराचं कारण देऊन खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ते बनवायलाच बंदी घातली. बनवायचं फक्त एका सरकारी कंपनीने. म्हशीपायी बाळंतिणीचं औषध अडणार होतं. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, मग केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढ्या कागदपत्रांत पुरुषाचा संबंध कुठे येणार? बायकांचं आणि म्हशींचं औषध ना ते!

पण पुरुषाच्या मेंदूतही ते तयार होतं, आणि त्याचं जुळं भावंड व्हासोप्रेसिनही. दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांची साखळी, फरक फक्त दोन दुव्यांचा. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, जोडीने संसार करणारा. १९९० च्या दशकात त्याच्यावरच्या प्रयोगांतून चित्र दिसलं की जोडी जमायला मादीत ऑक्सिटोसिन महत्त्वाचं आणि नरात व्हासोप्रेसिन. म्हणजे नर-मादीत फरक आहे, काकांचं तेवढं खरं. पण नर व्होल पिल्लांना ऊब देत बसतो, हे फॉरवर्डमध्ये नव्हतं. आणि २०२३ मध्ये तर ऑक्सिटोसिनचा ग्राहकच जनुकातून काढून टाकलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्या, पिल्लं वाढवली. एका रसायनावर सगळी माया टांगता येत नाही.

माणसांचं? २०१० मध्ये इस्रायलच्या रूथ फेल्डमन यांच्या गटाने पहिलंच मूल झालेली ८० जोडपी तपासली. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन वाढलं, बापाच्याही वाढलं, आणि दोघांच्या पातळीत फरक सापडला नाही. वागण्यात मात्र होता. ज्या आयांमध्ये ते जास्त, त्या बाळाला जास्त कुरवाळत, बोबडं बोलत. ज्या बापांमध्ये जास्त, ते बाळाला उचलून, हलवून, खेळवून हसवत. माझ्या बापाने मला हवेत उडवलं की आई ओरडायची, ते आठवलं.

आता सुट्टीचं. २०१७ पासून आईला २६ आठवडे, तेही दोन मुलांपर्यंत. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू असा कायदाच नाही, म्हणून चौथ्या मजल्यावरचा मुलगा सातव्या दिवशी पुन्हा ८.०५ च्या फास्टला लटकला.

हे सगळं ग्रुपवर टाकलंय. काकांच्या निळ्या टिका आल्यात, अंगठा नाही.