चौथी तार

बोदवड-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नवलाचे नाही. अशा दुपारी शाळेतल्या संगणकाचा पंखा एकाएकी मोठ्याने घरघरू लागतो, हे अनेक शिक्षकांनी ऐकले असेल. वेग वाढवायचे पंख्याला कोणी सांगितले? आणि सांगणाराच गप्प झाला तर? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडायला संगणकाला बरीच वर्षे लागली.

सुरुवात मुंबईची घेऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. एका लहान व्हॉल्व्हची तार तापवायला दोन वॅट लागतात असे धरले, तर नुसत्या या तारांचीच पाच किलोवॅटच्या वर उष्णता होते, म्हणजे पाच इस्त्र्या दिवसभर चालू ठेवल्यासारखे. त्या काळी थंडावा ही खोलीची जबाबदारी होती. आपण किती तापलो आहोत, याची यंत्राला स्वतःला खबर नसे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्यात पंखा होता तो फक्त वीजपुरवठ्याच्या डब्यात. दोन तारा, गरज असो वा नसो वेग एकच. प्रोसेसर बिनपंख्याचाच होता. पुढे ४८६ आणि १९९३चा पेंटियम यांच्या काळात प्रोसेसरच्या डोक्यावरही पंखा बसू लागला आणि मग एक नवीच भीती निर्माण झाली. धुळीने पंखा अडकला, तर कळणार कसे?

म्हणून तिसरी तार आली. पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला ती मदरबोर्डकडे दोन स्पंद पाठवते. सेकंदाला १०० स्पंद आले, तर फेरे ५०, म्हणजे मिनिटाला ३,०००. स्पंद थांबले, की पंखा थांबला. विद्यार्थ्यांना गुणाकार-भागाकाराचे यापेक्षा जिवंत उदाहरण देता येणार नाही.

पण तिसरी तार फक्त बातमी आणते, हुकूम नेत नाही. वेग कमी करायचा तर व्होल्टेज उतरवावे लागे आणि ते फार उतरवले, तर थांबलेला पंखा पुन्हा सुरूच होत नसे. २००४च्या सुमारास इंटेलच्या आराखड्यानुसार चौथी तार रूढ झाली. आता बारा व्होल्ट कायम राहतात. चौथ्या तारेवरचा संकेत सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होतो आणि त्यातला ‘चालू’चा वाटा जेवढा जास्त, तेवढा पंखा वेगाने फिरतो. २५,००० हा आकडा आपल्या कानांसाठी निवडलेला आहे; माणसाला साधारण २०,०००च्या वरचे ऐकू येत नाही.

या रचनेतला मला सर्वात आवडणारा भाग निराळाच आहे. चौथी तार तुटली किंवा जोडलीच नाही, तर पंखा थांबत नाही, पूर्ण वेगाने फिरतो. हुकूम आला नाही याचा अर्थ ‘संकट आहे’ असाच घ्यायचा, हे आधीच ठरवून ठेवलेले आहे. जुना तीन तारांचा पंखाही चार काट्यांच्या जागी बसतो.

मग सगळे पंखे सदैव पूर्ण वेगानेच का चालवू नयेत? कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला, की शक्ती एक-अष्टमांश होते. उलट गणित बोदवडचे करू. एखादा भाग ७५ अंशांवर ठेवायचा आहे. खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ५० अंशांचा. ४५ अंशांवर असेल, तर ३० अंशांचाच. तेवढीच उष्णता काढायला ढोबळमानाने पावणेदोन पटीच्या आसपास हवा लागेल आणि पंख्याची शक्ती साडेचार पटीने वाढेल. प्रत्यक्षातला हिशेब याहून वाईटच निघतो, कारण हवा दुप्पट केली म्हणून उष्णता दुप्पट निघत नाही.

एका संगणकात ही किरकोळ बाब वाटेल, पण हजारो असले की तसे राहत नाही. पुण्यात टाटांच्या कंपनीने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७च्या जागतिक यादीत चौथा आला. त्यातल्या पातळ सर्व्हरना स्वतःचे पंखे नव्हतेच. एका पेटीत असे सोळापर्यंत सर्व्हर आणि मागे दहा सामाईक पंखे. हौशी लोक उडवतात त्या छोट्या विमानांच्या पंख्यांवरून त्यांची कल्पना सुचली होती. पेटीतला एक वेगळा नियंत्रक प्रत्येक सर्व्हरचे तापमान वाचून पंख्यांचा वेग ठरवी. एखादा पंखा बंद पडला, तर शेजारचे वेग वाढवून त्याचे काम सांभाळत आणि बंद पडलेला पंखा यंत्र चालू असतानाच बदलता येई.

शाळेच्या अडगळीत एखादा मोडका संगणक असेल, तर त्याचा पंखा सोडवून तारा मोजा. दोन असतील, तर तो आंधळा आणि बहिरा. तीन असतील, तर त्याला बोलता येते. चार असतील, तर ऐकूही येते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्याच्या वीजपुरवठ्याच्या दोन तारा जोडून तो फिरवून पाहा. चौथी तार मोकळीच सोडायची आहे.