धन आणि धम्म : एका जुन्या समजुतीचा शोध

उपासक-उपासिकांशी बोलताना धनाविषयी काही ठरावीक वाक्ये आमच्या कानी वारंवार येतात. ‘पैसा आपल्या हातात टिकत नाही’, ‘धंदा हे आपले काम नव्हे’, ‘धम्माच्या मार्गावरील माणसाने पैशाचा विचार करू नये’. बोलणारा ही वाक्ये स्वतःच्या अनुभवाचे सार म्हणून बोलतो. इतिहासाचा अभ्यासक मात्र विचारील की, हा अनुभव आहे की शिकवण? आणि शिकवण असेल तर ती कोणाची? घट्ट धरून ठेवलेल्या मताला पालीमध्ये ‘दिट्ठि’ असा शब्द आहे. दिट्ठि सुटण्यासाठी ‘योनिसो मनसिकार’, म्हणजे मुळापर्यंत जाऊन केलेला विचार, आवश्यक मानला आहे. धनाविषयीच्या या समजुतींचे मूळ कोठे आहे, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

एक मूळ उघड आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील १२९ व्या श्लोकाचा आशय असा की, शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, कारण धनवान झालेला शूद्र ब्राह्मणांना पीडा देतो. यातील ‘समर्थ असूनही’ हा भाग वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. श्लोककाराला शूद्राच्या कर्तृत्वाविषयी तिळमात्र शंका नाही. ती असती तर निषेध करण्याचे कारणच पडले नसते. त्याच अध्यायात चांडाळ व श्वपच यांची संपत्ती कुत्री आणि गाढवे, त्यांची भांडी फुटकी, त्यांचे अलंकार लोखंडाचे असावेत असे सांगितले आहे. आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णक्रमाने दिले आहेत : ब्राह्मणाला दरमहा शेकडा २, क्षत्रियाला ३, वैश्याला ४ आणि शूद्राला ५. ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याला कर्ज सर्वांत महाग. ही वचने सर्व काळी, सर्व ठिकाणी अक्षरशः अमलात होती असे आम्ही म्हणत नाही. पुढे येणारे लेण्यांतील लेखच त्याविरुद्ध साक्ष देतात. तथापि ग्रंथातील निषेध जेव्हा गावाच्या रिवाजात उतरतो, तेव्हा त्याला श्लोकाचा आधार देण्याचीही गरज उरत नाही.

महाराष्ट्रात तो रिवाज महार वतनाच्या रूपाने उभा होता. गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करायची आणि मोबदला म्हणून बलुते घ्यायचे. बलुते म्हणजे धान्य, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. ज्या घरात मोबदला नाण्यांत येतच नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, हिशेब मागण्याचा अधिकार नव्हता, त्या घरात जमाखर्चाची सवय कोठून यावी? ‘पैसा आपल्या हातात टिकत नाही’ हे वाक्य या व्यवस्थेचे वर्णन म्हणून खरे होते. व्यवस्था गेल्यावरही ते स्वभावाचे वर्णन म्हणून मागे राहिले, आणि येथेच घोटाळा झाला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२८ साली मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई सरकारचा कायदा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ साली झाला. कायद्याने वतन गेले. मनातील वतनासाठी मात्र विधेयक मांडता येत नाही.

दुसरे मूळ आमच्याच घरातील आहे, म्हणून त्याविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये असा विनयाचा नियम आहे. भगवंताच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसाली येथे जो मोठा वाद झाला, त्याच्या दहा मुद्द्यांत हाही एक मुद्दा होता. वज्जी भिक्खू उपोसथाच्या दिवशी उपासकांना भांड्यात कहापण टाकण्यास सांगत होते, आणि यस थेरांनी त्याला विरोध केला. चुल्लवग्गातील ही हकिकत वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. यस थेरांचा आक्षेप भिक्खूंच्या घेण्याला होता. वेसालीच्या उपासकांजवळ कहापण असण्याला कोणाचाच आक्षेप नव्हता. भिक्खूचे शील हे उपासकाचे शील समजण्याची चूक आज सर्रास होते. चीवर न घेता चीवराचे नियम अंगावर घ्यायचे आणि मिळवत्या माणसाने मिळवण्याची लाज बाळगायची, असा हा प्रकार आहे.

गृहस्थाला भगवंताने काय सांगितले, ते अंगुत्तरनिकायात स्वच्छ आहे. कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणु हा कोलियपुत्र भगवंतापुढे येतो आणि सरळ सांगतो की, आम्ही मुलाबाळांत राहणारे, चंदन लावणारे, सोने-रुपे बाळगणारे गृहस्थ आहोत. आमच्या या लोकीच्या व परलोकीच्या हिताचा धम्म सांगा. भगवंत त्याला सोने टाकून ये असे म्हणत नाहीत. या लोकीच्या हितासाठी ते चार गोष्टी सांगतात : उद्योगातील दक्षता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि ‘समजीविता’, म्हणजे आय व व्यय ओळखून बेताने जगणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले हे कळते, तसे गृहस्थाला आपले उत्पन्न आणि खर्च कळले पाहिजेत, असा तेथील दृष्टान्त आहे. थोड्या मिळकतीवर थाट करणारा तेथे दोषी ठरतो, आणि भरपूर असून कदान्न खाणाराही दोषी ठरतो. उपजीविकेच्या साधनांत शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजसेवा आणि इतर कोणतेही शिल्प येते. राजसेवा, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकरी, या क्रमात पाचवी आहे. नोकरीशिवाय दुसरी वाट नाही असे मानणाऱ्या आमच्या तरुणांनी हा क्रम एकदा पाहावा.

सिगालोवाद सुत्तात धनाची चार भागांत वाटणी आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग व्यवसायात घालण्यास, चौथा आपत्तीसाठी राखून ठेवण्यास. निम्मे धन पुन्हा कामात घालावे हे सांगणारा धर्म धनाला घाबरणारा नाही. अर्थात वाटेल तो व्यवसाय चालतो असेही नाही. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य आहे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ‘अनणसुख’, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, येते. इणसुत्तात तर दारिद्र्य हे लोकांत दुःखच आहे असे ठरवून पुढे साखळी जोडली आहे : दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, मग तगादा, पाठलाग आणि शेवटी बंधन. लग्नकार्यासाठी कर्ज काढून ‘चार लोकांत मान राहिला पाहिजे’ म्हणणाऱ्याने हे सुत्त घरात मोठ्याने वाचावे. मान राहत नाही आणि व्याज मात्र राहते.

आता एक अडचण. ती झाकून ठेवणे पाली वाचणाऱ्याला शोभणार नाही. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्तात दान न देणारा पुढील जन्मी दरिद्री होतो असा आशय आहे. ‘आमचे पूर्वकर्मच असे’ म्हणणाऱ्याला हा आधार वाटू शकतो. परंतु तिपिटकातच त्याला छेद देणारी वचने आहेत. माणसाला जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वी केलेल्यामुळेच, हे मत अंगुत्तरनिकायात अकर्मण्यतेकडे नेणाऱ्या तीन परमतांमध्ये गणले आहे, कारण ते मानले की काय करावे व काय करू नये याला अर्थच उरत नाही. संयुत्तनिकायात सीवक परिव्राजकाला भगवंत पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी वेदनेची निरनिराळी कारणे सांगतात, आणि सर्व काही पूर्वकृत मानणारे प्रत्यक्ष अनुभवाच्याही पलीकडे जातात असे म्हणतात. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त भगवंताच्या शिकवणीशी विसंगत म्हणून नाकारला. तो निर्णय परंपरेतील एका खऱ्या ताणाला दिलेले उत्तर आहे, असे आमचे मत आहे. दारिद्र्य पूर्वकर्माचे फळ मानले की वतनाचा दोष वतनदारावर न राहता वेठ करणाऱ्यावर येतो. हे ज्यांच्या सोयीचे होते, त्यांनीच ते जपले.

बाबासाहेबांचे उदाहरण येथे केवळ ग्रंथकार म्हणून येत नाही. ज्यांच्या पूर्वजांना धनसंचय निषिद्ध ठरविला गेला, त्यांच्यातील एकाने रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला आणि तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चारच वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. पैशाचा अभ्यास आणि पैशाविषयीच्या निषेधाचे दहन ही दोन्ही कामे त्यांनी केली.

मात्र मन बदलले की दारिद्र्य गेले, असे सांगणारी पुस्तके हल्ली फार निघतात, त्यांच्या रांगेत धम्माला बसविणे आम्हास मान्य नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात चोरी-दरोड्यांनी त्रस्त झालेल्या राजाला पुरोहित शिक्षेचा मार्ग सांगत नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला अन्न व वेतन द्यावे, असे तो सांगतो. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी व हिंसा जन्मते. राज्याचे कर्तव्य राज्याकडेच आहे. व्यक्तीकडे उरते ते इतकेच की, भांडवल समोर आले असता ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून तिने हात मागे घेऊ नये. चुल्लकसेट्ठि जातकातील गरीब तरुण रस्त्यावरचा मेलेला उंदीर उचलून मांजरासाठी विकतो, मिळालेल्या क्षुद्र नाण्याचा गूळ घेऊन फुले वेचणाऱ्यांना गूळपाणी देतो, आणि अशा पायऱ्यांनी वर चढतो. उंदीर सर्वांनाच दिसत होता. त्यात भांडवल आहे हे श्रेष्ठीचे बोलणे कानी पडल्यावर ते खरे मानणारा मात्र तो एकटाच निघाला.

आता लेण्यांकडे वळू. ‘धंदा हे आपले काम नव्हे’ या समजुतीचे खंडन सह्याद्रीच्या कातळावरच कोरलेले आहे. कुडे येथे कराडचा लोखंडाचा व्यापारी महिक दाता आहे, माळीही आहे. कान्हेरीस कल्याणचा लोहार आहे. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटचा सुतार आहे, आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालही आहे. जुन्नरला बुरूड, कासार आणि धान्य विकणारे यांच्या श्रेणींची नावे येतात. नाशिकला मासेमारी करणाऱ्या मुगुदासाचे लेणे आहे. यातील बहुतेक व्यवसाय पुढे जातीच्या उतरंडीत खाली ढकलले गेले. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र हेच लोक कमावत होते, शिल्लक टाकत होते आणि त्या शिलकीतून दगड कोरून घेत होते.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेख आम्हास सर्वांत बोलका वाटतो. दाता उषवदात हा नहपानाचा जावई; ब्राह्मणांनाही त्याने भरपूर दाने दिली, तेव्हा त्याला आपला म्हणण्याची घाई नको. आमचे लक्ष आहे ते त्याने ठेवलेल्या रकमेवर. भिक्खुसंघासाठी त्याने ३००० कार्षापण ‘अक्षय नीवी’ म्हणून गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवले. त्यांतील २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने आणि १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत असे लेखात म्हटले आहे. हिशेब नेमका जुळतो. मूळ रक्कम परत मागायची नव्हती. भोगायचे ते केवळ व्याज. म्हणजे राजाच्या जावयाने आपले धन कायमचे ज्यांच्या हाती सोपविले, ते हातमागावर बसणारे विणकर होते. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला, हेही त्याच लेखात कोरले आहे.