बोले ठरावातला विसरलेला शब्द : दवाखाना

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. आपल्याला तो आठवतो चवदार तळ्यामुळे. त्याच्याच आधारे महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कागदाचा हक्क प्रत्यक्षात आणण्याची लढाई सुरू झाली.

पण ठरावाची यादी पाण्यावर संपत नव्हती. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा. त्याबरोबर शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने. पाण्याचा लढा आपण दरवर्षी स्मरतो. शाळेचे महत्त्व घराघरात पोचले. दवाखाना मात्र मागे पडला.

दवाखाना त्या यादीत का हवा होता? काठियावाडातल्या एका दलित शिक्षकाचे पत्र डिसेंबर 1929 मध्ये गांधींच्या 'यंग इंडिया'त छापून आले. त्याची पत्नी बाळंतीण होती, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठची मध्यस्थी आणि दोन रुपये फी यानंतर तो आला, तोही रुग्णाला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाला, शिक्षकाने पत्नीला. निदान झाले न्यूमोनिया. ती बाई वाचली नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवली. फी दिली होती, डॉक्टर हजर होता, तरी उपचार पोचला नाही. मध्ये जात उभी होती.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत घातले. 1955 च्या कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवला. 1946 च्या भोर समितीच्या अहवालाने तत्त्व सांगितलेच होते : पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकता कामा नये. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. आज निकष असा आहे : सपाट भागात 30,000 लोकसंख्येमागे एक केंद्र आणि 5,000 मागे एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात 20,000 आणि 3,000.

तिथे काय मिळते? बाळाच्या लसी, गरोदर बाईची तपासणी, लोहाच्या गोळ्या, क्षयाची थुंकी तपासणी, तिशी ओलांडलेल्यांचे बीपी आणि शुगर. विदर्भात सिकलसेलची तपासणीही. हा आजार आदिवासींइतकाच आपल्याही समाजाचा प्रश्न आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बोटातल्या थेंबभर रक्ताच्या चाचणीने पहिली चाळणी होते. लग्नाआधी पत्रिका पाहणे आपण धम्मदीक्षेबरोबर सोडले. आता सिकलसेलचे कार्ड पाहायला शिकले पाहिजे.

काही तरुण म्हणतील, सरकारी दवाखान्यात औषध नसते, डॉक्टर नसतो, मग खासगीत गेलेले काय वाईट? तक्रार खरी आहे. पण खासगी दवाखाना आजारी माणसावर चालतो. आजार होऊच नये म्हणून वस्तीत येण्यात त्याला फायदा नाही. ते काम सार्वजनिक यंत्रणेचेच. आणि बोलू शकणारे लोक तिथून निघून गेले, की मागे उरते ती मजुरी बुडवून रांगेत उभी राहिलेली आपलीच आई.

म्हणून मित्रहो, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जसा मागतो, तसा उपकेंद्राचाही मागा. लसीकरणाचे सत्र आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत होते की फक्त गावठाणात? नर्सताई घरापर्यंत येतात की वेशीवरून परततात? गावाच्या आरोग्य समितीत आपला कोण आहे, की नाव फक्त सहीपुरते? ग्रामसभेत हे लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

तळे खुले झाल्याचा ठराव महाडच्या दप्तरात होताच. पाणी मात्र लोक चालत गेले तेव्हाच मिळाले. दवाखान्याचेही तसेच आहे.

जय भीम!